लादलेले जुने, निवडलेले जुने

मनुस्मृतीने चांडाळांच्या वाट्याला मृतांची वस्त्रे आणि फुटकी भांडी दिली. म्हणून 'जुने' या शब्दाने आमचे मन आजही दुखावते. परंतु लादलेले जुने आणि स्वतः पारखून घेतलेले जुने एक नव्हे. परळच्या बी. आय. टी. चाळीतील बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये शिकताना पोटाला चिमटा काढून सुमारे 2000 जुने ग्रंथ जमविले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा आधार संपला. तसे संगणक लिनक्सवर आजही उत्तम चालतात. लॅमिंग्टन रोडवर घेताना बॅटरी व पडदा तपासावा, एसएसडी बसवून घ्यावी, पावती मागावी. पालकहो, नव्या लॅपटॉपसाठी कर्ज काढू नका. वाचलेला पैसा मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी राखून ठेवा, हीच आमची विनंती.