इंटर्नशिप सक्तीची, मग विद्यावेतन का नाही?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने एप्रिल २०२३ मध्ये पदवीची जी रचना ठरवली, तिच्यात ऑन जॉब ट्रेनिंगला चार क्रेडिट आहेत, म्हणजे साधारण १२० तास काम. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांच्या महाविद्यालयांतली मुलेही त्यात आली. तरतूद स्वागतार्ह आहे, पण या तासांचे पैसे कोण देणार, हा प्रश्न अनुत्तरितच आहे. सरकार इंटर्नशिपवर खर्च करत नाही असे नाही. राज्याने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये ठरले. त्याच वर्षी केंद्राने मोठ्या कंपन्यांतल्या इंटर्नशिपसाठी महिना ५ हजारांची योजना सुरू केली. मात्र नियमित शिक्षण चालू असलेला विद्यार्थी दोन्हींच्या मूळ नियमांत बाद ठरला. ज्याच्यावर इंटर्नशिपची सक्ती, त्यालाच विद्यावेतन नाही.

ही त्रुटी या दोन तालुक्यांत सर्वाधिक बोचते, कारण इथे सामाजिक आणि पर्यावरणीय कामाला माणसे हवी आहेत आणि ते काम परक्याला झेपणारे नाही. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. मुंबईचे जवळपास निम्मे पाणी एकट्या भातसातून जाते, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. कुठली विहीर कधी आटते, कुठला टँकर किती दिवसांनी येतो, याची गाववार नोंद वर्षानुवर्षे ठेवली, तर पाण्याच्या मागणीला पुरावा मिळतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करायचा तर हद्दीचा नकाशा, जुने दाखले, वडीलधाऱ्यांचे जबाब गोळा करावे लागतात. मुरबाडमध्ये काळू धरणाचे काम वनमंजुरीविनाच सुरू झाले होते. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवले. अशा लढ्यांना मोर्चाइतकीच कागदांची तयारी लागते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची नोंद, त्यांच्या मुलांची शाळा, जातीचे दाखले, हीही अशीच चिकाटीची कामे. ती ज्याला पाड्याची वाट आणि बोली ठाऊक आहे, त्यालाच नीट जमतात. बिनपैशाची इंटर्नशिप नेमके त्यालाच दूर ठेवते. सुट्टीत घरच्यांबरोबर मजुरीला जाणाऱ्या मुलीला १२० तास फुकट देणे परवडत नाही. मग कल्याण-मुंबईची, घरून खर्च मिळणारी मुले येतात. ती मनापासून काम करतात, पण परत जाताना शिकलेले सोबत घेऊन जातात.

पैसे आले की सेवाभाव संपतो, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. सेवेची परंपरा मोलाची आहेच. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून तिच्यावरच चालते. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवले, तेव्हा कष्टाचा मोबदला घेतल्याने विद्यार्थ्याची निष्ठा कमी होते असे कुणी मानले नाही. दुसरा आक्षेप, विद्यार्थ्यांना काम देणाऱ्या सामाजिक संस्थांकडे पैसा नसल्याचा. तो खरा आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने असा निधी एका संस्थेने दुसरीकडे देण्यावर बंदी आली आणि लहान ग्रामीण संस्थांचा एक आधार तुटला. म्हणूनच हा भार त्यांच्यावर टाकू नये. रक्कमही अवाढव्य नाही. रोजगार हमीचा २०२५-२६ चा राज्यातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. १२० तासांचे १५ दिवस धरले तर एका विद्यार्थ्यामागे ४,६८० रुपये, शंभर विद्यार्थ्यांचे पावणेपाच लाखांच्या आत. कंपनी कायदा नफ्याच्या दोन टक्क्यांच्या सामाजिक खर्चात स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. या तालुक्यांचे पाणी वापरणाऱ्या मुंबई महापालिकेनेही आपला वाटा उचलावा, हे मागणे मला मुळीच अवाजवी वाटत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप गैरप्रकाराचा. सह्या होतील, अहवाल लिहिले जातील, काम मात्र होणार नाही, ही भीती अनुभवातून आलेली आहे. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात गेले तरी ती पुरती जात नाही. पण शहापूर आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याच्या क्षेत्रात आहे आणि मुरबाडचा काही भागही, तेव्हा तिथल्या ग्रामसभेला मोठे अधिकार आहेत. विद्यार्थ्याने केलेली विहिरींची नोंद किंवा हद्दीचा नकाशा आधी ग्रामसभेपुढे वाचला जावा आणि तिने तपासून ठराव केल्यावरच विद्यावेतनाचा शेवटचा हप्ता सुटावा. महाविद्यालयानेही क्रेडिट देताना तोच ठराव ग्राह्य धरावा. पंधरा दिवस थोडे आहेत, हेही मान्य. त्यासाठी तेच गाव, तीच नोंदवही पुढच्या वर्षीच्या तुकडीकडे सोपवण्याची अट संस्थेशी होणाऱ्या करारातच घालता येईल.