सातबाऱ्यावरचा कोरा रकाना

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर भूमापन क्रमांक आणि भूधारणा पद्धती यांच्या जोडीला 'शेताचे स्थानिक नाव' असाही एक रकाना असतो. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी उताऱ्यांवर तो कोराच राहतो. वास्तविक घरात कुणी गट नंबराने बोलत नाही. 'चिंचेच्या रानात पाळी घातली', 'लवणातले वावर चिबडले' असेच बोलणे चालते. डोंगर-माळांची गत तर याहून वाईट. कागदावर ते 'गायरान' नाही तर 'पोटखराब'. बालाघाटाच्या रांगेतल्या टेकड्या, ओढे, झिरे यांची नावे गुराख्यांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहेत. गुरे कमी झाली, मुले शहरात गेली, तशी ती नावे घेणारी तोंडेही कमी होत चालली. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातली नावे आता लिहून काढावीत.

ही नावे म्हणजे या मुलखाचा न लिहिलेला इतिहास आहे. उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट नावाची टेकडी आहे. मराठी कानाला 'बेट' म्हटले की चहूकडे पाणी आठवते, पण कन्नडमध्ये 'बेट्ट' म्हणजे डोंगर. हे नाव तिकडूनच आले असावे, असे मानायला जागा आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू शेजारी, तिथे टेकडीला 'गुट्टा' म्हणतात. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली नांदतात. माहूरच्या रेणुका, दत्त आणि अनसूया यांच्या शिखरांची नावे यात्रेकरूंनी जपली. पलीकडच्या बिनदेवाच्या टेकड्यांना कोण जपणार? राष्ट्रकूट स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. ते बिरूद लेखांत कोरले गेले म्हणूनच लातूरच्या जुनेपणाला पुरावा आहे. निजामकाळच्या दप्तरातल्या एका शब्दाला किती वजन असते, हे 2023 पासून चाललेल्या कुणबी नोंदींच्या शोधाने घरोघर कळले आहे.

जीपीएसच्या काळात नावांचे काय काम, असे कुणी म्हणेल. अक्षांश-रेखांश जागा दाखवतात, जागेचा स्वभाव सांगत नाहीत. 'चोपण', 'बरड', 'झिरा' हे शब्द मातीची आणि पाण्याची खबर देतात. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे ही खबर फुकट घालवणे परवडणारे नाही. नाव लिहिल्याने मुरमासाठी पोखरली जाणारी टेकडी वाचेलच असे नाही, हेही खरे. पण नाव असलेल्या टेकडीबद्दल ग्रामसभेत प्रश्न तरी विचारता येतो. 'पोटखराब क्षेत्रा'ची आठवण कोण काढणार? तिसरी शंका अधिक वाजवी आहे: एकाच टेकडीची दोन नावे निघाली तर भांडणे होतील. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही लिहिणे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडची मोजणी करताना ऑर्डनन्स सर्व्हेने नावांच्या वह्या ठेवल्या. त्यांत नावाची निरनिराळी रूपे आणि ती कुणी सांगितली, हेही टिपलेले आहे. मात्र त्या खात्याने जमीनमालक आणि पाद्री यांच्या शब्दाला कुळांपेक्षा जास्त मान दिला. ती चूक आपण करू नये. तांड्यावरच्या, कोलामपोडावरच्या माणसाला आणि खुरपायला जाणाऱ्या बाईला पाटलाइतकेच विचारले पाहिजे. नवी नावे देण्याच्या उत्साहालाही इथे जागा नको. बोलले जाते तेवढेच लिहायचे.

यासाठी नवे खाते नको. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहेच. ही यादी तिच्यात बसते. शाळेतल्या मुलांनी आजी-आजोबांकडून नावे आणावीत, ग्रामसेवकाने ती शिवाराच्या नकाशावर मांडावीत आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत. चुकीचे नाव आले तर मागच्या रांगेतून कुणीतरी 'तसं नाही हो' म्हणेलच. अशी दुरुस्त झालेली यादी तलाठ्याच्या हाती पडली, की तो कोरा रकाना भरायला सबब उरणार नाही.