पेरले की उगवतेच असे शिवार

मोबाइलवरच्या शेतीच्या खेळांविषयी आपल्या साहित्यवर्तुळात दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते, आणि आमच्या मते दोन्ही सारखेच उथळ आहे. पहिले बोलणे उपदेशकांचे. शेतकऱ्याचा मुलगा धुऱ्यावर बसून पडद्यावरची खोटी गाय चारतो आणि गोठ्यातली खरी गाय म्हाताऱ्या बापावर सोडून देतो, केवढा हा अधःपात, असा त्यांचा सूर असतो. दुसरे बोलणे रसिकांचे. त्यांना या खेळांत हिरवळ दिसते, पाखरांचा आवाज ऐकू येतो, मनाला निवांतपणा लाभतो, आणि मातीपासून तुटलेला माणूस पुन्हा निसर्गाकडे वळतो आहे असा साक्षात्कार होतो. आमची साधी तक्रार अशी की, या दोन्ही पक्षांनी तो खेळ नीट उघडून पाहिलेला नाही. एखाद्या कादंबरीवर ती न वाचता कोणी असे बोलला असता तर आपण त्याला चर्चासत्रातून उठवले असते.

आम्ही तिघे बुलडाणा जिल्ह्यात मराठी शिकवतो. एक घाटाखाली, दोघे घाटावर. आमच्या वर्गातली बरीच मुले कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरची आहेत. शहरातला माणूस असा खेळ खेळतो तेव्हा त्याला गावाची ओढ आहे असे म्हणून विषय मिटवता येतो. परंतु ज्याच्या चपलेला सकाळचीच काळी माती चिकटलेली आहे तो मुलगा दुपारच्या सुटीत पडद्यावर सोयाबीन का पेरतो? ओढ आणि अधःपात हे दोन्ही शब्द येथे निकामी ठरतात.

म्हणून आधी खेळ पाहू. फिनलंडमधील सुपरसेल या कंपनीने २०१२ साली आणलेला 'हे डे' हा फुकट मिळणारा आणि साध्या मोबाइलवर चालणारा खेळ आहे. त्यात गहू दोन मिनिटांत येतो, सोयाबीन वीस मिनिटांत आणि कापूस अडीच तासांत. एक दाणा पेरला की दोन मिळतात. कधी दीड नाही, कधी शून्य नाही. पीक तयार झाल्यावर तुम्ही दोन दिवस फिरकला नाहीत तरी ते उभेच राहते, वाळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, वाडीच्या कडेला रस्त्यावर एक दुकान असते, त्यात आपल्या मालाचा भाव खेळाडू स्वतः लावतो. भावाला वरची मर्यादा आहे. पण त्या मर्यादेच्या आत आकडा लिहिणारा हात पिकवणाऱ्याचाच असतो.

आता याच पिकाकडे मेहकर-चिखलीच्या शिवारात पाहा. सोयाबीनला पेरणीपासून सोंगणीपर्यंत साधारण शंभर दिवस लागतात. मृगाच्या पहिल्या सरींवर पेरले आणि पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी. ती साधली तर पिवळा मोझॅक, तोही टळला तर ऐन सोंगणीत परतीचा पाऊस. एवढ्यातून घरी आलेले पोते बाजार समितीत गेले की ओलाव्याचा प्रश्न निघतो. बारा टक्क्यांच्या वर ओलावा असला की हमीभावाचे दार बंद. २०२४-२५च्या हंगामासाठी केंद्राने क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केला होता आणि त्या हंगामात खुल्या बाजारातले दर त्याच्या बरेच खाली होते. अडत, हमाली, तोलाई यांचा हिशेब वेगळा. या सगळ्या साखळीत शेतकरी एकदाही आकडा लिहीत नाही. त्याला आकडा सांगितला जातो.

आमच्या एका विद्यार्थ्याला, या खेळात एवढे काय आहे असे विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, "सर, त्याच्यात पेरलं का उगवतेच ना." या उत्तरात हिरवळ नाही, पाखरे नाहीत आणि मनःशांतीही नाही. कष्ट आणि फळ यांच्यामधली जी सरळ रेषा त्याच्या घरात त्याने कधी पाहिली नाही, ती त्याला तेथे दिसते. या खेळांचे आकर्षण निसर्गाचे नसून न्यायाचे आहे, हे आमचे म्हणणे आहे आणि पुढचे सारे त्याच्या समर्थनार्थ.

एरिक बरोन या अमेरिकन तरुणाने चारएक वर्षे एकट्याने खपून केलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ २०१६ साली आला. त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. कंपनीच्या कचेरीत पिचलेला कारकून आजोबांनी मागे ठेवलेल्या शेतावर जातो, ही त्याची कथा. तेथे अठ्ठावीस दिवसांचा एकेक ऋतू असतो. घरात दूरचित्रवाणीचा संच असतो आणि तो उद्याचे हवामान सांगतो. तो जे सांगतो ते दुसऱ्या दिवशी होतेच. आमच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. शेतात वर्तुळ आखून धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पापड, कुरडई, सांडोळी, वडे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात काय हलले, काय विरघळले ते पाहून वर्षाचे भाकीत सांगतात. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या भाकितावर घेतात ते आक्षेप आम्हांला मान्य आहेत. पण पहाटेच्या अंधारात त्या शेताभोवती उभे राहणारे लोक मूर्ख असतात असे मानणे आम्हांला मान्य नाही. उद्याचे आभाळ आज कळावे ही त्यांची मागणी आहे. 'स्टारड्यू व्हॅली'तला दूरचित्रवाणी संच तीच मागणी पुरी करतो, एवढेच.

कर्जाचेही तसेच. निन्टेन्डोचा 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' हा खेळ २० मार्च २०२० रोजी, जग घरात कोंडले जात असतानाच आला आणि अमाप खपला. आमच्या मुलांकडे त्यासाठी लागणारे यंत्र असण्याची शक्यता नाही, म्हणून त्याविषयी फार बोलत नाही. पण त्यातला टॉम नूक नावाचा प्राणी घरासाठी कर्ज देतो. त्या कर्जाला व्याज नाही आणि मुदतही नाही. पश्चिम विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांना विशेष पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांत बुलडाणा होता. अशा जिल्ह्यात बिनव्याजी सावकार ही कल्पना परीकथेच्याच जातीची वाटणार. मात्र ती निसर्गाची परीकथा नव्हे, हे रसिकांनी ध्यानात घ्यावे.

रॉजर काय्वा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांची चार कुळे सांगितली: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. शेतीच्या खेळात दैवाचे कुळ जवळजवळ हद्दपार केलेले दिसते. उलट प्रत्यक्ष शेती तर आपण पिढ्यान्‌पिढ्या पावसावरचा जुगार म्हणूनच ओळखतो. म्हणजे आमच्याकडे जुगार शिवारात आहे आणि नियम खेळात. उपदेशक ज्याला खेळात वाया गेलेला वेळ म्हणतात, तो त्या मुलाच्या दिवसातला जुगाराबाहेरचा एकमेव वेळ असू शकतो.

यावर 'पलायनवाद' हा आपला ठेवणीतला शब्द फेकला जाईल, याची आम्हांला खात्री आहे. टोल्किनने परीकथांवरच्या आपल्या व्याख्यानात या शब्दाचा समाचार फार पूर्वीच घेतला आहे: तुरुंगातून निसटणारा कैदी आणि रणांगणातून पळणारा शिपाई यांना एकाच शब्दाने हिणवू नये, असे त्याचे सांगणे होते. आम्ही मराठीच्या अध्यापकांनी तर हा शब्द जपूनच वापरावा, कारण आपल्या परंपरेचे काय? सातवाहन राजा हालाच्या नावावरची 'गाथासप्तशती' नांगरणाऱ्या हालिकांनी, शेत राखणाऱ्या पोरींनी आणि गोदाकाठच्या झाडीने भरलेली आहे; पण ती महाराष्ट्री प्राकृतात रचली गेली ती नागर रसिकांच्या कानासाठी. रविकिरण मंडळाच्या काळातली जानपदगीते ज्या शिवारात घडतात तेथे सावकाराचा चोपडा क्वचितच दिसतो. आणि घराजवळच बोलायचे तर मेहकरचे ना. घ. देशपांडे. वकिली करणाऱ्या या कवीची 'शीळ' १९३०च्या दशकात जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून घरोघर पोहोचली. पुढे १९८६ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती कविता आम्ही वर्गात आजही आनंदाने शिकवतो. तिच्यातल्या रानाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, त्या वर्षी ज्वारी किती झाली, हे आपण कधी विचारत नाही, विचारूही नये. मग तेवढीच सवलत मोबाइलमधल्या वाडीला नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

रसिकांचा मुद्दा त्याहून कच्चा आहे. या खेळांनी माणूस निसर्गाजवळ जातो म्हणे. २०२०च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा त्याची छायाचित्रे किती जणांनी एकमेकांना पाठवली! पाणी घटून क्षारता वाढली आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले, हे कारण पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीतून पुढे आले, पण ते वाचण्याची तसदी त्यांतल्या थोड्यांनीच घेतली. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला, त्याची तर वार्ताही बहुतेकांना नाही. रंग पाहून निवांत होणे वेगळे आणि निसर्ग जाणणे वेगळे. खेळातल्या वाडीत साप निघत नाही, रोही पीक तुडवत नाहीत, रानडुकरे रातोरात मका लोळवत नाहीत. ज्यात रोही नाहीत त्याला निसर्ग म्हणणारा माणूस आमच्या गावात हसण्यावारी नेला जाईल.

आम्ही या खेळांचे भाट नाही, हेही सांगून टाकतो. २००९ साली निघालेला 'फार्मव्हिल' ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. त्यात वेळेवर कापणी केली नाही तर पीक सुकून जाई आणि माणसे रात्रीचे गजर लावून उठत. 'हे डे'मध्ये पीक सुकत नाही, पण ताटकळणे आहेच, आणि ते टाळायचे असेल तर हिरे लागतात. हिरे खऱ्या पैशांनी विकत मिळतात. निसर्गाचा लहरीपणा काढून टाकून कंपनीने त्या जागी स्वतःचे घड्याळ बसवले आहे. वाट पाहायलाही तीच लावते आणि वाट पाहण्यातून सुटकाही तीच विकते. सावकारी येथे संपलेली नाही, तिने कपडे बदलले आहेत. उपदेशकांनी हे सांगितले असते तर आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्यांना आळसावरच बोलायचे असते. बरोनच्या खेळात ही विक्री नाही, एकदा किंमत मोजली की संपले, हा फरकही कोणी नोंदवत नाही.

खरा प्रश्न आपल्या शिकवण्याचा आहे. निसर्गकविता एका घटकात आणि ग्रामीण कादंबरी दुसऱ्या घटकात, अशी वाटणी आपण वर्षानुवर्षे चालवली आहे. पहिल्यात पाऊस सुंदर असतो, दुसऱ्यात तो येत नाही. आणि हे दोन्ही एकाच आभाळातले पाऊस आहेत याची विद्यार्थ्याला शंकाही येऊ नये अशी आपली व्यवस्था. आमच्याच जिल्ह्यातले सदानंद देशमुख यांची 'बारोमास' २००२ साली आली, २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. त्यातला एकनाथ शिकलेला आहे, नोकरी नाही, आणि शेत त्याला सोडत नाही. आमच्या वर्गात एकनाथ दरवर्षी मागच्या बाकावर बसलेला असतो, आणि त्याच्या हातात तो खेळ असतो. व्हर्जिलच्या पहिल्याच गोपगीतात, झाडाखाली पावा वाजवणाऱ्या गुराख्यासमोर जमीन हिसकावून घेतलेला एक शेतकरी उभा आहे. सैनिकांना वाटण्यासाठी त्याची जमीन गेली आहे. पावा आणि बेदखली एकाच पानावर. युरोपातली ही परंपरा दोन हजार वर्षे टिकली त्याचे एक कारण हे असावे. आपण मात्र पावा एका तासिकेला देतो आणि बेदखली दुसऱ्या.

म्हणून 'बारोमास' शिकवताना आम्ही तिच्या शेजारी 'हे डे' ठेवू लागलो आहोत. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी यावर खोचकपणे विचारले की, आता खेळण्यालाही गुण देणार काय? खेळण्याला नाही. पण खेळातल्या दुकानाचा भाव आणि खामगावच्या बाजारातला भाव समोरासमोर मांडून, त्यांतल्या कोणत्या आकड्याला कल्पित म्हणावे याची जो विद्यार्थी दोन पानांत चर्चा करील, त्याला आम्ही भरपूर गुण देऊ. सरांनी ते दोन कागद वाचावेत, आणि मग वाटल्यास गुण कापावेत.