घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद हवी, परवाना नको

इंग्लंडमधल्या वोकिंग या शहरात १० ऑगस्ट २०२३ रोजी पोलिसांना एका घरात दहा वर्षांच्या सारा शरीफचा मृतदेह सापडला. वडील आणि सावत्र आई आदल्याच दिवशी पाकिस्तानला निघून गेले होते. वडिलांनी तिथूनच पोलिसांना फोन केला होता. डिसेंबर २०२४ मध्ये दोघांनाही खुनाबद्दल जन्मठेप झाली. शाळेने मार्च २०२३ मध्येच तिच्या चेहऱ्यावरचे वळ पाहून बालसंरक्षण यंत्रणेला कळवले होते, पण काही दिवसांतच ते प्रकरण बंद झाले. एप्रिलमध्ये वडिलांनी ‘यापुढे घरीच शिकवतो’ असे सांगून मुलीचे नाव शाळेतून काढले आणि तिला रोज पाहणारे बाहेरचे डोळे संपले. घरी शिकणाऱ्या मुलांची चौकशी करणारे कर्मचारी तिच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी भेटीला निघाले होते, पण गेले चुकीच्या पत्त्यावर.

इंग्लंडमध्ये मुलाला शाळेऐवजी घरी शिकवण्याची मुभा १९४४ च्या शिक्षण कायद्यापासून आहे. शाळेत नाव असलेले मूल काढून घेतले तर मुख्याध्यापकांनी स्थानिक प्रशासनाला कळवायचे असते. जे मूल कधी शाळेत गेलेच नाही, त्याची खबर मात्र कोणाला असेलच असे नाही. तिथल्या शिक्षण खात्याच्या अंदाजानुसार २०२४ च्या शरद ऋतूत सुमारे १,११,७०० मुले घरी शिकत होती. एवढी मुले, आणि सरकारकडे अंदाज!

सक्तीच्या नोंदणीचा विचार तिथे पहिल्यांदा होतो आहे असेही नाही. २००८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये सात वर्षांची खायरा इशाक उपासमारीने मेली. तिलाही काही महिने आधी शाळेतून काढले होते. २००९ मध्ये ग्रॅहम बॅडमन यांच्या अहवालाने दरवर्षी सक्तीची नोंदणी सुचवली, शिवाय अधिकाऱ्यांना घरात जाण्याचा आणि मुलाशी एकट्याने बोलण्याचा अधिकार मागितला. घरी शिकवणारे पालक पेटून उठले. त्या डिसेंबरमध्ये एका रात्रीत सत्तरहून अधिक खासदारांनी आपापल्या मतदारसंघातले विनंतीअर्ज संसदेत सादर केले. त्या शिफारशींवरून विधेयकात आलेली कलमे २०१० च्या निवडणुकीआधी गळाली. २०२२ मध्ये पुन्हा विधेयक आले आणि वर्षअखेर मागे पडले. सारा गेल्यानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, नवे विधेयक मांडले गेले.

त्या पालकांचा राग बिनबुडाचा नव्हता. खायराच्या बाबतीत शिक्षकांनी धोक्याची सूचना दिली होती, हाती असलेले अधिकार मात्र यंत्रणेने वापरले नाहीत. साराच्या बाबतीतही तेच. नव्या विधेयकाच्या मूळ मसुद्यात एक महत्त्वाचे कलम होते: ज्या मुलाबाबत बालसंरक्षणाची चौकशी चालू आहे, त्याला शाळेतून काढायला स्थानिक प्रशासनाची संमती लागेल. पण साराची चौकशी तर आधीच बंद झाली होती. म्हणजे ते कलम तेव्हा असते तरी तिला शाळेत ठेवू शकले नसते. यंत्रणेचा आळस आणि गाफीलपणा नोंदवहीने झाकता येत नाही, हा आक्षेप म्हणूनच खरा आहे.

तरीही नोंद हवीच. ज्या मुलाचा पत्ताच सरकारदरबारी नाही, त्याच्या दाराशी चांगला अधिकारीसुद्धा पोचू शकत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न इंग्लंडच्या बातमीपुरता राहिलेला नाही. मुंबई-पुण्यात मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबे आहेत, त्यांचे आपसातले मेळावे भरतात. मुंबईच्या मालविका जोशीचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. आईने तिला शाळेतून काढून घरी शिकवले, तिने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये पदके मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. बारावीचा कागद नसल्याने आयआयटीचे दार मात्र बंद होते.

कायदा या मुलांबद्दल जवळपास मुका आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरवतो, पण ते न पाळणाऱ्या पालकांना शिक्षा सांगत नाही. त्याच कायद्याच्या नवव्या कलमानुसार चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण झाले, मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. अशा मोजणीत घरी शिकणारे मूल कुठे बसते? सरकारी व्याख्येने तेही शाळाबाह्यच. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आईबरोबर बीजगणित सोडवणारी मुलगी आणि ऊसतोडीच्या फडावर धाकट्या भावंडांना सांभाळणारी बीडची मुलगी एकाच रकान्यात येतात. पहिल्या मुलीचे पालक त्यामुळे गप्प राहणे पसंत करतात आणि मूल मोठे झाले की १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवतात किंवा मुक्त विद्यालयाची वाट धरतात.

ही चोरटी व्यवस्था पहिल्या मुलीला अडचणीची आणि दुसरीला घातक आहे. घरी शिकवण्याला उद्या नुसती मान्यता दिली आणि नोंद मागितली नाही, तर तेरा वर्षांच्या मुलीला शाळेतून काढून लग्नाच्या बोलणीला बसवणाराही ‘ती घरीच शिकते’ असे सांगू शकेल. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुलांना घरच्या बिनधोक्याच्या धंद्यात मदत करायची सवलत दिली आहे, पण शाळा सुटल्यानंतर किंवा सुट्टीत. ज्या मुलाला शाळाच नाही, त्याची शाळा सुटते किती वाजता? हा प्रश्न कायद्याने आजवर कोणाला विचारलेला नाही, आणि तो विचारायची वेळ आली आहे.

नोंद म्हणजे परवाना मात्र नव्हे, हे ठणकावून सांगायला हवे. फ्रान्सने २०२१ च्या कायद्याने नुसत्या माहितीपत्राऐवजी पूर्वपरवानगी सक्तीची केली. जर्मनीत तर घरी शिकवायला जवळजवळ मनाईच आहे. महाराष्ट्राने त्या वाटेने जाऊ नये. परवान्याचा अर्ज म्हणजे तालुक्याच्या कार्यालयात खेटे, त्रुटींची यादी आणि साहेबांच्या मर्जीची वाट. पालकाने लेखी कळवावे, त्याची पोच मिळावी आणि मुलाला एक क्रमांक मिळावा, एवढे पुरे. त्या क्रमांकावर शिष्यवृत्तीची परीक्षा, चित्रकलेच्या परीक्षा आणि तालुका-जिल्ह्याच्या क्रीडास्पर्धा मुलाला खुल्या व्हाव्यात. आज बोनाफाईड नाही म्हणून ज्या दारांशी अडते, ती उघडली तर पालक आपणहून नोंदवायला येतील.

त्याबरोबर एक बंधन यावे. वर्षातून निदान एकदा शिक्षण यंत्रणेतल्या कोणीतरी मुलाला प्रत्यक्ष भेटावे, त्याच्या वह्या, चित्रे, प्रयोग पाहावेत आणि त्याच्याशी गप्पा माराव्यात. पुस्तक कुठले वापरता, अभ्यासक्रम कुठला, यात नाक खुपसू नये. मूल दिसते आहे, बोलते आहे, शिकते आहे, हे बघावे. जिथे शाळेने आधीच काळजी व्यक्त केली आहे, तिथे प्रकरण बंद झालेले असले तरी भेट काही महिन्यांवर न जाता पंधरवड्याच्या आत व्हावी.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो आणि त्यात सर्रास ‘पालकांच्या विनंतीवरून’ लिहिले जाते. त्या दोन शब्दांखाली छडी, चिडवाचिडवी, अध्ययन अक्षमतेकडे झालेले दुर्लक्ष, न परवडणारी फी, सगळे गाडले जाते. इंग्लंडमध्येही मुलाचे बिघडलेले मानसिक आरोग्य आणि विशेष गरजा न भागल्याची तक्रार अनेक पालक कारण म्हणून सांगतात. त्यांनी घर हौसेने निवडले नव्हते. नोंदणीच्या अर्जात पालकाने स्वतःच्या शब्दांत कारण लिहावे आणि शाळेचे नाव काढून ती कारणे जिल्हावार दरवर्षी प्रसिद्ध व्हावीत. तपासणी मग एकट्या कुटुंबाची राहणार नाही, शाळांचीही होईल.

भेटीचे हे काम जिल्हा परिषदेच्या शिक्षकावर लादू नये. निवडणूक आणि जनगणनेपायी त्याचा वर्ग आधीच ओस पडतो. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे मूल शिकते कसे हे जाणणारी माणसे आहेत. प्रत्येक जिल्ह्यात त्यांतल्या दोघा-तिघांना हे काम, प्रवासभत्ता आणि नोंदींचे बरोबर पत्ते देऊन येत्या जूनपासून सुरुवात करता येईल.