दि स्तेफानो : भटका की संपकरी?

१/ आल्फ्रेदो दि स्तेफानो हा अर्जेंटिनी फुटबॉलपटू अर्जेंटिना, कोलंबिया आणि स्पेन अशा तीन देशांत खेळला. पैशामागे धावणारा, असा शिक्का त्याच्यावर सहज मारता येतो. पण तो अन्यायकारक आहे.

२/ तेव्हा करार संपला तरी क्लबच्या संमतीविना खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. १९४८ मध्ये अर्जेंटिनातील खेळाडूंनी किमान वेतन आणि करारस्वातंत्र्यासाठी संप पुकारला. तिढा सुटेना, तेव्हा अनेकांनी देश सोडला. १९४९ मध्ये रिव्हर प्लेटचा दि स्तेफानोही बोगोताच्या मिलोनारिओस क्लबमध्ये दाखल झाला.

३/ कोलंबियाची लीग त्या काळी फिफाबाहेर होती. तेथील क्लब जुन्या क्लबला छदामही न देता खेळाडूला भरघोस वेतन देत. पैशाचा मोह होताच. पण आपल्या श्रमाचे मोल स्वतः ठरवण्याची ती एकमेव वाटही होती.

४/ १९५१ च्या लिमा कराराने ती वाट बंद केली. १९५३ मध्ये बार्सिलोनाने रिव्हर प्लेटशी, तर रेआल माद्रिदने मिलोनारिओसशी व्यवहार केला. स्पॅनिश महासंघाने त्याला दोघांत आळीपाळीने, एकेका हंगामासाठी वाटून दिले! अखेर बार्सिलोनाने माघार घेतली.

५/ पुढे रेआलने १९५६ ते १९६० असे सलग पाच युरोपियन चषक जिंकले. पाचही अंतिम सामन्यांत त्याने गोल केला. हे वैभव सर्वांना पाठ असते. त्यामागचा संप मात्र विस्मरणात जातो, आणि वाटणी झालेल्या माणसालाच इतिहास भटका ठरवतो.