पत सांभाळणारा पेशा : जनसंपर्क

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षातील कन्येने ‘मला जनसंपर्क क्षेत्रात जायचे आहे’ असे सांगितले, की अनेक व्यापारी घरांत क्षणभर शांतता पसरते. सी.ए., बँक, विमा किंवा घरची पेढी हे मार्ग वडीलधाऱ्यांच्या परिचयाचे असतात. जनसंपर्क म्हणजे गोड बोलणे आणि समारंभात पुष्पगुच्छ देणे, एवढाच सर्वसाधारण समज असतो. आजोबा विचारतात, ‘‘बाळ, पण यात विकायचे काय असते?’’ प्रश्न अस्सल व्यापाऱ्याचा आहे आणि त्याचे उत्तरही व्यापाराच्याच भाषेत देता येते. या पेशातील माणूस संस्थेची पत सांभाळतो.

जाहिरात आणि जनसंपर्क यांतील भेद प्रथम समजून घ्यावा. जाहिरातीची जागा पैसे देऊन घेतली जाते, म्हणून तेथे काय छापावे हे पैसे देणारा ठरवितो. बातमीची जागा मात्र पटवून मिळवावी लागते. वार्ताहर माहितीची शहानिशा करतो, प्रतिप्रश्न विचारतो आणि एकदा खोटे सापडले तर पुढील खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाही. उधारीच्या व्यवहारात एक हुंडी परत गेली म्हणजे जे होते, तेच येथे होते.

या पेशाच्या आरंभकाळातील आयव्ही ली या अमेरिकन गृहस्थाची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक आहे. १९०६ साली अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हानिया रेल्वेचा भीषण अपघात झाला. अशा वेळी माहिती दडपण्याची तेव्हा रीत होती. ली यांनी उलट वृत्तपत्रांना निवेदन दिले आणि वार्ताहरांना अपघातस्थळी जाण्याची सोय करून दिली. कंपनीची पत त्यामुळे वाढली. पुढे १९१४ मध्ये कोलोरॅडोतील कोळसा-खाणींच्या संपात त्यांनी मालकांच्या बाजूने पत्रके काढली. कामगार पुढाऱ्यांच्या मानधनाचे त्यांतील आकडे चुकीचे निघाले. मालकांकडून आलेली माहिती आपण तपासून घेतली नव्हती, हे ली यांना चौकशी आयोगापुढे मान्य करावे लागले. त्या प्रकरणाचा डाग त्यांच्या नावावरून कधीच पूर्णपणे पुसला गेला नाही. पत मिळविण्याचा मार्ग आणि गमावण्याचा मार्ग, दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात दिसतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नोकरीचे मुख्य प्रवाह तीन आहेत. पहिला, जनसंपर्क एजन्सी. येथे ‘अकाऊंट’ हा शब्द सतत कानी पडतो आणि वाणिज्य शाखेच्या मुलांची हमखास गफलत होते. हे हिशेबाचे खाते नव्हे. अकाऊंट म्हणजे ज्या संस्थेचे काम एजन्सीने घेतले ती ग्राहक-संस्था. प्रशिक्षणार्थी, अकाऊंट एक्झिक्युटिव्ह, अकाऊंट मॅनेजर, अकाऊंट डायरेक्टर अशी ही चढण असते. आरंभीचे वेतन बहुधा बेताचे आणि धावपळ फार. पण एका वर्षात औषधे, बांधकाम, वस्त्रोद्योग अशा अनेक व्यवसायांची ओळख होते.

दुसरा प्रवाह कंपनी, बँक, रुग्णालय वा शिक्षणसंस्था यांच्या स्वतःच्या विभागाचा. माध्यमांशी संपर्क, कर्मचाऱ्यांसाठी गृहपत्रिका, वार्षिक अहवाल, संकेतस्थळ आणि समाजमाध्यमे, आपत्तीच्या वेळी निवेदन अशी कामे येथे असतात. याच प्रवाहातील ‘गुंतवणूकदार संपर्क’ हे काम वाणिज्य पदवीधरांना विशेष अनुकूल आहे. ताळेबंद वाचता येणे आणि तो सामान्य भागधारकाला समजेल अशा भाषेत सांगता येणे, हे दोन्ही गुण त्यात लागतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने महत्त्वाची घडामोड प्रथम शेअर बाजाराला कळविली पाहिजे, असा सेबीच्या २०१५ च्या नियमांचा दंडक आहे. त्यामुळे येथे गप्प कधी राहावे, हेही शिकावे लागते.

तिसरा प्रवाह शासनाचा. महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय असून त्याची कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. ‘लोकराज्य’ हे मासिक तेथूनच निघते. तेथील राजपत्रित पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. शैक्षणिक पात्रता व अनुभव यांच्या अटी त्या त्या वेळच्या जाहिरातीत बारकाईने वाचाव्यात.

शिक्षणासाठी दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था, पुणे विद्यापीठाचे रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील जनमाध्यमांचा पदवी अभ्यासक्रम असे मार्ग उपलब्ध आहेत. भारतातील या व्यावसायिकांची संघटना, पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया, १९५८ पासून कार्यरत आहे. खासगी संस्थेचे भरमसाट शुल्क भरण्यापूर्वी तिचे माजी विद्यार्थी आज कोठे काम करतात, याची चौकशी पालकांनी अवश्य करावी. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गुजराती सफाईने लिहिता येणे, हे या क्षेत्रातील खरे भांडवल होय.

अडचणीही लपवू नयेत. सणावारी, रात्री-अपरात्री फोन येतो. यश मिळाले तर ते संस्थेचे ठरते. चूक झाली तर प्रथम जनसंपर्क अधिकाऱ्याकडे बोट दाखविले जाते. आणि कधी तरी वरिष्ठ म्हणतात, ‘‘एवढे एक वाक्य गाळून टाका.’’ त्या क्षणी नम्रपणे नकार देण्याचे धैर्य लागते. ते कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही. घरातून घेऊन जावे लागते.

म्हणून होकार वा नकार देण्यापूर्वी घरातच एक लहानशी परीक्षा घ्यावी. दुकानात गिऱ्हाइकाची खरीखुरी तक्रार आली, की तिचे उत्तर मुलाला किंवा मुलीला दहा ओळींत लिहावयास सांगावे. उत्तर गोड आहे की नाही, हे पाहू नये. लेखणी उचलण्यापूर्वी ती गोदामात जाऊन माल पाहते का, मुनीमजींना बिलाची तारीख विचारते का, आणि चूक आपली असेल तर ती पहिल्याच ओळीत मान्य करते का, एवढेच पाहावे. तसे झाले, तर आजोबांनी निःशंक मनाने आशीर्वाद द्यावा. पेढीची पत कशी सांभाळतात, हे नात घरातच शिकली आहे.