टिळकांचा युक्तिवाद आणि आपला

परंडा तालुक्यातल्या सोनारीत, भैरवनाथाच्या देवळाजवळ चहा पिताना जुन्या मित्राने विचारलं, "तुम्ही लोक बदलायला एवढे का घाबरता?" मी म्हटलं, आधी टिळकांना विचार.

1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचं संमतीचं वय 10 वरून 12 केलं. टिळकांनी कडाडून विरोध केला. बालविवाह चांगला, असं काही त्यांचं म्हणणं नव्हतं. परक्या सरकारने कायदा घेऊन आमच्या घरात शिरू नये, सुधारणा समाजातूनच यावी, हा त्यांचा मुद्दा. शाहबानोच्या 1985 च्या निकालानंतर आपले पुढारी वेगळं काय बोलत होते? बहुसंख्याकांच्या हेतूबद्दल अल्पसंख्याकांना शंका येते, ती उगाच नसते. हे मी आजही मानतो.

पण या युक्तिवादाला एक अट आहे, आणि ती परंपरावाद्यांच्याच घरातली आहे. एडमंड बर्कने 1790 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करताना परंपरेची बाजू घेतली. त्याच पुस्तकात तो म्हणतो की, ज्या राज्यात बदलाची सोय नाही त्याला टिकण्याचीही सोय नाही. मग 'आतून' कोण आलं? 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम बायका तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत विधानभवनावर चालून गेल्या. त्या आपल्याच होत्या. आपण त्यांनाही बाहेरचंच ठरवलं. शेवटी 2017 चा निकाल आणि 2019 चा कायदा आला, तो बाहेरूनच.

मित्राला मी टिळकांचं रंगवून सांगितलं. त्या सात बायकांचं सांगताना मात्र आवाज खाली गेला.